कातडी सीट आणि खान्देशची धूळ

गाडीच्या लेदर सीटला चिरा पडल्या की आपल्याकडे सगळे उन्हाला दोष देतात. ऊन आहेच तसं. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं इतकं अंगवळणी पडलंय की त्याची कोणी बातमीही नीट वाचत नाही. पण अण्णांची गाडी माझ्याकडे आल्यापासून तिच्या सीट मी स्वतःच्या हाताने पुसते आहे, आणि माझं मत आता पक्कं झालंय. आमच्याकडे सीटच्या कातड्याचा पहिला वैरी धूळ. ऊन दुसरं. त्यानंतर, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही, पण आपल्या घरातली तेलाची बाटली.

अण्णांनी ही गाडी जुनीच घेतली होती. फिकट बदामी रंगाच्या लेदर सीट, त्यांना त्याच आवडल्या होत्या. यावल तालुक्यात आमचं घर, भोवती केळीच्या बागा. जळगावहून भुसावळ, तिथून तापी ओलांडून गाव, असा माझा नेहमीचा रस्ता. आमची काळी माती पावसाळ्यात चपलेला धरून बसते आणि फेब्रुवारीनंतर पिठासारखी उडते. त्यात रस्त्याच्या कडेचा मुरूम, खडी, आणि चौपदरीकरणाची कामं चालली तेव्हा महामार्गावर साचलेली धूळ. काचा बंद ठेवल्या तरी ती आत येते. चपलेबरोबर येते, कपड्यांवरून येते, दार उघडलं की वाऱ्याबरोबर येते, आणि सीटच्या शिलाईत जाऊन बसते. तिथून ती आपसूक निघत नाही.

उन्हापेक्षा धूळ वाईट असं मी का म्हणते, ते आमच्या गाडीतच दिसतं. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची फुगीर कडा पार चिरलेली होती. शेजारच्या सीटची तीच कडा शाबूत. ऊन दोन्हींना सारखंच. मागच्या बाकाला तर मागच्या काचेतून दुपारभर ऊन लागायचं, आणि तो सगळ्यात बरा. फरक एवढाच की चालवणारा माणूस दिवसातून अनेकदा त्या एकाच कडेवरून घसरून आत बसतो, घसरूनच उतरतो. घासणं तिथे आणि घासणाऱ्या कपड्याखाली धूळ. मातीचे आणि खडीचे बारीक कण, वर साठ-सत्तर किलोचा माणूस. दुसरं काय होणार?

त्या चिरा दाखवायला मी जळगावातल्या एका कुशनवाल्या काकांकडे गेले होते. सीट शिवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी आधी काही विचारलं नाही. दोन्ही अंगठ्यांनी ती कडा दाबून वाकवली, चीर उघडली आणि मला जवळ बोलावलं. चिरेच्या दोन्ही काठांना बदामी रंगाचा पातळ पापुद्रा होता, ताठ, कडांना उचललेला. त्याखाली निळसर-करडे, मऊ, केसाळ तंतू दिसत होते. त्यांनी नखाने ते तंतू हलवून दाखवले.

"ताई, ही चीर कातड्याची नाही, रंगाची आहे. कातडं आत ठणठणीत आहे."

मग त्यांनी पाठीमागच्या कव्हरची चेन उघडून शिवणीच्या आतली कापलेली कड दाखवली. बसायच्या भागाला खरं कातडं, उलट्या बाजूने खरखरीत, तंतू-तंतू दिसणारं. आणि सीटच्या बाजूंना, पाठीला, जिथे माणसाचं अंग लागत नाही तिथे रेक्झिन, उलट्या बाजूला विणलेलं कापड. बऱ्याच गाड्यांत असं मिश्रणच असतं. काही गाड्यांत तर नुसतं लेदरेट असतं आणि लोक मोठ्या हौसेने त्याला लेदरचं कंडिशनर चोळत बसतात. रेक्झिन आणि लेदरेट म्हणजे कापडावर चढवलेलं प्लास्टिक, त्यात मुरायला जागाच नाही. म्हणून काहीही विकत आणण्याआधी आपल्या सीटची अशी एखादी लपलेली कड बघून घ्यावी. पाच मिनिटांचं काम आहे.

आता तेलाचं. अंगणात मी सीट पुसत बसले की येणारा-जाणारा हमखास सांगतो, "याले तेल पाज ना थोडं." कोणी खोबरेल सांगतं, कोणी एरंडेल. या सल्ल्याला मी कधी हसत नाही, कारण तो कुठून येतो ते मला माहीत आहे. विहिरींवर मोटा, म्हणजे पाणी उपसायच्या कातडी पिशव्या, होत्या तोवर आमच्या आबांच्या पिढीने कातड्याची काळजी रोजच्या रोज घेतली. सोंडेची मोट, तिचा जाड दोर म्हणजे नाडा, सोंडेचा दोर म्हणजे सोंदूर. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, खाली जात आणि थारोळ्यात, विहिरीवरच्या कुंडात, पाणी कोसळे. आबा सांगत, काम नसलं की मोट वाळून कडक होते, मग घडीवर फाटते, म्हणून तिला तेल चोळून ठेवायचं. वहाणांना तेच, बैलांच्या घुंगरांच्या पट्ट्याला तेच. आजही पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पट्टे उतरवून तेलाचा हात फिरवतात.

ते कातडं वेगळं होतं. बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं. वर रंगाचा थर नाही, काही नाही, उघडी कातडी. तेल लावलं की तंतूंच्या मध्ये जायचं, तंतू एकमेकांवर सरकत राहायचे, कातडं लवचिक राहायचं. (आणि हे इथेच सांगायला हवं: हे कातडं कमावणारे ढोर समाजाचे लोक आणि मोट शिवणारे चर्मकार यांना त्याच विहिरीला हात लावू दिला जात नव्हता. त्यांच्या मोटेतलं पाणी सगळ्या गावाच्या पिकाला चालत होतं. साल किती दिवस भिजवायची, कातडं कधी पालटायचं, हे ज्ञान त्यांच्या हातांत होतं, आणि ते लिहून ठेवावं असं गावातल्या कोणाला वाटलं नाही. कातड्याविषयी लिहायला बसले की मला हे टाळून पुढे जाता येत नाही.)

गाडीच्या सीटचं कातडं त्या घराण्यातलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याची पद्धत आली. ऑगस्टस शुल्ट्झ यांची अमेरिकेतली पेटंटं १८८४ ची. सालीत महिनोन् महिने चालणारं काम त्यामुळे दिवसांवर आलं. क्रोमने कमावलेलं कातडं ओलं असताना निळसर दिसतं. काकांनी दाखवलेल्या तंतूंचा रंग तिथूनच आलेला असावा. आता बऱ्याच गाड्यांसाठी क्रोम न वापरता दुसऱ्या रसायनांनीही कमावतात. पण पुढचं सगळीकडे सारखंच. तंतूंमध्ये तेल मुरवायचं काम कारखान्यातच होतं. मग त्यावर रंगाचा थर, आणि त्याच्यावर पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक थर. सगळे मिळून कागदापेक्षाही पातळ. आपण सीटवर हात फिरवतो तेव्हा बोटांना लागतो तो हा थर. कातडं त्याच्या खाली असतं.

म्हणजे वरून चोळलेलं खोबरेल खाली पोचतच नाही. ते वर बसून राहतं. दुपारपर्यंत त्यावर धूळ धरते आणि तेल अधिक माती असा एक लेप तयार होतो, जो आपणच आपल्या पॅन्टने सीटवर घासत राहतो. शिवाय तेलकटपणाने तो वरचा थर हळूहळू मऊ पडतो. खात्री करायची असेल तर रोज डोक्याला तेल लावणाऱ्या माणसाच्या सीटची मान टेकायची जागा बघा. आमच्या गाडीत अण्णांच्या जागेची तेवढीच पट्टी काळपट आणि चिकट झाली होती, बाकी सीट साफ असताना. अण्णांनी आयुष्यभर टाळूला तेल घातलं, त्यांना आता मी काय सांगणार? तिथे एक सुती रुमाल अडकवला आणि तो दर आठवड्याला धुवायला टाकते.

सीट धुवायला काय वापरायचं, हा पुढचा प्रश्न. कातडं स्वभावाने आम्लधर्मी असतं, साबण बहुतेक अल्कधर्मी. कपड्यांची पावडर, अंगाचा साबण, अमोनिया घातलेला काच पुसायचा स्प्रे, हे सगळं वरच्या थरालाही जाचतं आणि चिरेतून आत गेलं तर कातड्यालाही. पण बाटलीवर दरवेळी सगळं लिहिलेलं असतंच असं नाही. माझी परीक्षा स्वयंपाकघरातली आहे. चिमूटभर हळद थोड्या पाण्यात कालवायची, पांढऱ्या कागदावर तिचा पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा. मग ज्या द्रवाची शंका आहे त्याचा एक थेंब त्यावर टाकायचा. हळद तांबडी झाली तर तो द्रव अल्कधर्मी, सीटपासून लांब ठेवायचा. पिवळीच राहिली तर पुढे विचार करायला हरकत नाही. कपड्यांच्या साबणाचं पाणी टाकलं की पट्टा बघता बघता विटकरी होतो. हळदीचे हात साबणाने धुताना आपण सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे. मात्र सॅनिटायझर आणि थिनर या परीक्षेत पकडले जात नाहीत. त्यांच्यातलं स्पिरिट आणि रसायन हळद तांबडी करत नाही, पण सीटचा रंग विरघळवू शकतं. करोनाच्या काळात हाताला सॅनिटायझर चोळून तसंच स्टिअरिंग धरायची सवय लागली आणि त्यात कितीतरी लेदरची स्टिअरिंग चिकट होऊन सोलली.

मी हे काम सकाळी करते, ऊन अंगणात उतरायच्या आधी. तापलेल्या सीटवर फेस टाकला तर तो पुसायच्या आत वाळतो आणि डाग सोडतो. आधी सगळं कोरडं. मऊ ब्रशचं तोंड लावून व्हॅक्यूम, आणि शिलाईच्या प्रत्येक रेषेतून रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ बाहेर ओढायची. हीच पायरी लोक सोडतात आणि माझ्या मते सगळं इथेच ठरतं. धूळ असताना ओला फडका फिरवला की चिखल होतो, तो शिलाईत जाऊन वाळतो आणि पुढे दोऱ्यालाच कापतो.

मग लेदरचं क्लीनर. सीटवर कधीच ओतायचं नाही, ब्रशवर घ्यायचं. एका वेळी हातभर तुकडा, हलक्या हाताने गोल-गोल. केसांचा मऊ ब्रश हवा, कपड्यांचा नको. पांढरा फेस थोड्याच वेळात चहाच्या रंगाचा होतो. तो लगेच मायक्रोफायबरच्या फडक्याने उचलायचा, मग साध्या ओल्या फडक्याने एकदा. फडकं भिजवायला मी पिण्याचं फिल्टरचं पाणी घेते. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, वाळलं की पांढरे ठिपके ठेवून जातं. बारीक भोकांची सीट असेल तर दुप्पट सांभाळून. भोकात गेलेलं पाणी खालच्या फोममध्ये बसतं, आणि थंड हवेच्या सीटला खाली पंखा असतो.

धुतल्यावर सीट मंद दिसली पाहिजे. हे मी मुद्दाम सांगते, कारण गॅरेजवाले सीट चकचकीत करून देतात आणि आपण खूश होतो. बहुतेक सीट कारखान्यातून चमक नसलेल्याच येतात. बसायच्या जागी जी चकाकी चढते ती घाम, तेल आणि मळ यांची असते. ती निघाली, बोट फिरवल्यावर कोरडं आणि किंचित अडतं लागलं, म्हणजे सीट साफ झाली.

कंडिशनर लावावं का? लावावं, पण त्याच्याकडून काय मागायचं ते कळून. वरचा थर शाबूत असेल तर ते खोल जात नाही. ते पृष्ठभाग थोडा निसरडा ठेवतं, कपड्याचं घासणं कमी करतं, आणि जिथे थर झिजलाय, बारीक चिरा आहेत, शिवणी आहेत, तिथून थोडं आत जातं. पातळ, पाण्यावर आधारलेलं घ्यावं, मेणचट नको. एका सीटला रुपयाच्या नाण्याएवढं पुरतं. स्पंजावर घ्यायचं, पसरायचं, थोडा वेळ थांबून उरलेलं कोरड्या फडक्याने काढायचं. नंतर सीटवर बोटाचा ठसा उमटला तर जास्त झालं. तीन-चार महिन्यांनी एकदा बास. दर आठवड्याला करायचं असेलच तर धूळ काढा, त्याने जे साधतं ते कुठल्याही बाटलीने साधत नाही.

डागांमध्ये आमच्याकडचा खास म्हणजे केळीचा चीक. रावेर-यावलकडे केळीशी ज्याचा संबंध नाही असा माणूस विरळा, आणि ज्याच्या शर्टावर चिकाचा डाग नाही असा शेतकरी त्याहून विरळ. चीक ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा, दिसतसुद्धा नाही. हवा लागली की त्यातली द्रव्यं काळी-तपकिरी पडतात आणि मग तो डाग कपड्याबरोबरच जातो. सीटवर थेंब पडला तर गाडी थांबवून तिथल्या तिथे ओल्या फडक्याने टिपायचा. काळा पडल्यावर घासत बसू नये, डागाआधी रंग निघतो. घड कापून आलेल्या माणसासाठी मी गाडीत जुनी सुती चादर ठेवते. आमच्या बागेत काम करणारे दादा आधी गाडीत बसायलाच तयार नसायचे, सीट खराब होईल म्हणून. चादर अंथरलेली असली की निवांत बसतात. सीट सांभाळायची म्हणजे माणसाला अवघडल्यासारखं होता कामा नये, एवढं मला कळतं.

हळदीचा डाग मात्र भिण्यासारखा नाही. लग्नसराईत नवरीच्या हातापायांची हळद सीटला लागतेच. पटकन टिपायचा, साबण लावायचा नाही, राहिलेला पिवळेपणा उन्हावर सोडायचा. हळदीचा रंग उजेडात विटतो. खान्देशचं ऊन या एका कामात सीटच्या बाजूने आहे. नव्या गडद जीन्सची निळाई फिकट सीटवर चढते ती मात्र लवकर काढावी लागते, थरात मुरली की तिथून हलत नाही.

आता ऊन. २०१८ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या ॲरिझोनातला एक अभ्यास आहे. ३८ अंशांच्या वरच्या दिवसांत उन्हात तासभर उभ्या गाडीत डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला, स्टिअरिंग ५३ आणि सीट ५१ वर. सावलीतल्या गाडीत सीट ४१ वर राहिली. सावलीने दहा अंश वाचतात. आमच्या दारातल्या कडुनिंबाला मी यासाठी मनापासून मानते. त्याच्या निंबोळ्या टपावर पडतात, पाखरं घाण करतात, ते धुता येतं. काचेला गडद फिल्म लावावी असं सगळ्यांना वाटतं, पण २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो रस्ता अवघड झाला. नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायलाच हवा. पुढच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा स्वस्त आहे आणि चालतो.

कव्हरांबद्दल मला तीव्र मत आहे. लेदर सीटवर जाड रेक्झिनचं कव्हर चढवायचं, त्याखाली मूळ सीट जपायची, ही आपल्याकडची रीत. कव्हराखाली धूळ जातेच, घाम जातो, आणि माणूस बसला-उठला की कव्हर त्या धुळीवर सरकतं. कव्हर काढल्यावर खालची सीट शिवणीच्या रेषेत झिजलेली मी पाहिली आहे. शिवाय पुष्कळ गाड्यांत सीटच्या बाजूला एअरबॅग असते. तिच्यावर घट्ट कव्हर असलं तर वेळेला ती उघडायला अडेल. सीटसाठी जीव धोक्यात घालायचा नसतो.

पावसाळ्यात बंद गाडीत बुरशी धरते, आणि ती धरते तेल-घाम राहिलेल्या जागीच. श्रावणात उघडीप पडली की दारं उघडून गाडी सावलीत तासभर उभी करायची, मग एकदा कोरडा ब्रश.

अण्णांच्या सीटची ती कडा काकांनी घासून, भरून, रंग मिळवून दुरुस्त केली. वर पुन्हा पारदर्शक थर दिला. रंग जुळवायला त्यांनी सीटचा जो भाग नमुना म्हणून धरला, तो मान टेकायच्या जागेच्या मागचा होता, कधी ऊन-धूळ न लागलेला. मला त्यांनी एकच सांगितलं: आत शिरताना आधी सीटवर बसायचं, मग पाय आत घ्यायचे. मी तसंच करते.

सावद्याला माझ्या चुलतभावाने नवी गाडी घेतली, पांढऱ्या लेदर सीटची. त्याचा फोन आला, कव्हर कोणतं घालू. मी म्हटलं, कव्हर नको, शोरूमचं प्लास्टिक आजच काढ, आणि रंगाच्या दुकानातून दोन इंची मऊ ब्रश आण. दर रविवारी शिलाईतून धूळ काढायची, मग ओलं फडकं घट्ट पिळून फिरवायचं. पाणी टपकत असेल तर पुन्हा पिळायचं.